अमेरिकेत घराच्या ऊर्जाबचतीवरचं टॅक्स क्रेडिट: ३० टक्के नक्की कशाचे आणि ते रिटर्नमध्ये कसे मागायचे?

‘जुन्या खिडक्या बदला, हीट पंप बसवा, ३० टक्के पैसे सरकार परत देतं.’ अमेरिकेत घर घेतलेल्या मराठी माणसाने हे वाक्य कुठे ना कुठे ऐकलेलं असतं. कधी शेजाऱ्याकडून, कधी कंत्राटदाराकडून, कधी एखाद्या फॉरवर्डमधून.

वाक्य खोटं नाही, पण अर्धं आहे. हे ३० टक्के पूर्ण बिलाचे नसतात. त्यांना वरून मर्यादा असते. चेक घरी येत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, ३१ डिसेंबर २०२५ नंतर केलेल्या कामाला हे क्रेडिट मिळत नाही.

मग आता हा विषय समजून घेण्यात अर्थ काय? अर्थ आहे. २०२५ मध्ये काम पूर्ण झालं असेल, तर त्याचं क्रेडिट २०२६ मध्ये भरायच्या रिटर्नवर मागता येतं. २०२३ किंवा २०२४ मध्ये काम करून क्रेडिट मागायचंच राहून गेलं असेल, तर तेही अजून पूर्ण हातचं गेलेलं नाही. कसं, ते क्रमाने पाहू.

टॅक्स क्रेडिट म्हणजे काय? वजावट आणि क्रेडिट यांत फरक काय?

भारतात नोकरी केलेल्या कुणालाही ८०सीची वजावट माहीत असते. पीपीएफमध्ये दीड लाख भरले की करपात्र उत्पन्न दीड लाखाने कमी होतं. कर दीड लाखाने कमी होत नाही, त्या रकमेवरचा करच तेवढा वाचतो.

क्रेडिटचं तसं नाही. ते थेट करातून वजा होतं. २२ टक्क्यांच्या टप्प्यात असणाऱ्याला १,००० डॉलरच्या वजावटीने २२० डॉलर वाचतात. १,००० डॉलरच्या क्रेडिटने पूर्ण १,००० डॉलर वाचतात. ‘स्टँडर्ड डिडक्शन’ घेणाऱ्यांनाही हे क्रेडिट मिळतं.

पण घराच्या ऊर्जाबचतीचं क्रेडिट ‘नॉन-रिफंडेबल’ आहे. म्हणजे ते कर शून्यापर्यंत खाली आणू शकतं, शून्याच्या पलीकडे जाऊन खिशात पैसे टाकत नाही. भारतातल्या ८७एच्या रिबेटसारखंच. जेवढा कर, तेवढीच सूट.

इथे एक गोंधळ नेहमी होतो. पगारातून आधीच कर कापला गेलेला असेल आणि क्रेडिटमुळे वर्षाचा एकूण कर कमी झाला, तर जास्तीचा कापलेला कर रिफंड म्हणून परत येतो. त्यामुळे ‘मला तर रिफंड मिळाला’ असं सांगणारा खोटं बोलत नसतो. पण तो त्याचाच कापून गेलेला पैसा असतो.

एक नाही, दोन क्रेडिट्स

लोक सरसकट ‘एनर्जी क्रेडिट’ म्हणतात, पण ही दोन वेगळी क्रेडिट्स आहेत. दोन्ही एकाच फॉर्मवर, म्हणजे फॉर्म ५६९५ वर मागायची असतात, आणि त्यामुळेच ती एकमेकांत मिसळली जातात.

पहिलं आहे घरात वीज किंवा उष्णता तयार करणाऱ्या साधनांचं. कायद्यात ते कलम २५डी. सोलर पॅनल, सोलर वॉटर हीटर, छोटी पवनचक्की, जमिनीतली उष्णता वापरणारा जिओथर्मल हीट पंप आणि किमान ३ किलोवॅट-तास क्षमतेची बॅटरी यांत येते. खर्चाच्या ३० टक्के क्रेडिट, मजुरीही धरून. फ्युएल सेल सोडला तर रकमेला कमाल मर्यादा नाही.

दुसरं आहे घरातली ऊर्जेची गळती थांबवण्याचं. कायद्यात ते कलम २५सी. खिडक्या, दारं, इन्सुलेशन, हीट पंप, एसी, फर्नेस, वॉटर हीटर आणि घराचं ऊर्जा ऑडिट यांत येतं. इथेही ३० टक्केच, पण प्रत्येक गोष्टीवर वेगळी मर्यादा आणि वर वर्षाची एकूण मर्यादा.

२०२२ पर्यंत हे दुसरं क्रेडिट अगदी किरकोळ होतं. आयुष्यभरात मिळून ५०० डॉलर. ऑगस्ट २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्ष जो बायडन यांनी ‘इन्फ्लेशन रिडक्शन अॅक्ट’वर सही केली आणि २०२३ पासून ही मर्यादा आयुष्याची न राहता वर्षाची झाली. दरवर्षी नव्याने क्रेडिट घेता येऊ लागलं. त्यामुळेच ‘यंदा खिडक्या करा, पुढच्या वर्षी हीट पंप’ असा सल्ला कंत्राटदार देऊ लागले.

ही सोय २०३२ पर्यंत चालणार होती. पण ४ जुलै २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी ‘वन बिग ब्युटिफुल बिल’वर सही केली आणि दोन्ही क्रेडिट्सना ३१ डिसेंबर २०२५ ही शेवटची तारीख लागली. ‘पुढच्या वर्षी करू’ म्हणून थांबलेल्यांचं पुढचं वर्ष आलंच नाही.

कशावर किती?

कलम २५सी म्हणजे गळती थांबवण्याच्या क्रेडिटच्या मर्यादा २०२३, २०२४ आणि २०२५ या तीन वर्षांसाठी अशा आहेत.

- खिडक्या आणि स्कायलाइट: सगळ्या मिळून वर्षाला ६०० डॉलर
- बाहेरची दारं: एका दाराला २५० डॉलर, सगळी मिळून ५०० डॉलर
- इन्सुलेशन आणि फटी बुजवण्याचं साहित्य: वेगळी मर्यादा नाही, एकूण १,२०० मध्येच
- सेंट्रल एसी: ६०० डॉलर
- गॅस, प्रोपेन किंवा तेलावरचा वॉटर हीटर: ६०० डॉलर
- फर्नेस किंवा बॉयलर: ६०० डॉलर
- घराचं ऊर्जा ऑडिट: १५० डॉलर

या सगळ्यांची बेरीज कितीही झाली तरी वर्षाला १,२०० डॉलरच्या वर जात नाही.

याशिवाय हीट पंप, हीट पंप वॉटर हीटर आणि लाकूड वगैरे जाळणारी बायोमास शेगडी यांना मिळून २,००० डॉलरची स्वतंत्र मर्यादा आहे. दोन्ही धरून एका वर्षात जास्तीत जास्त ३,२०० डॉलर.

हीट पंप म्हणजे दोन्हीकडे चालणारा एसी. उन्हाळ्यात तो घरातली उष्णता बाहेर टाकतो, हिवाळ्यात बाहेरच्या हवेतली उष्णता घरात आणतो. उष्णता तयार करण्याऐवजी ती हलवतो, म्हणून वीज कमी लागते. त्याला मोठं क्रेडिट ठेवण्याचं कारण हेच.

मजुरीचा खर्च धरायचा की नाही?

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. हीट पंप, एसी, फर्नेस, वॉटर हीटर यांत बसवण्याची मजुरी धरता येते. खिडक्या, दारं आणि इन्सुलेशन यांत मजुरी धरता येत नाही, फक्त मालाची किंमत धरायची. कंत्राटदाराने एकच ठोक रक्कम लिहून बिल दिलं असेल, तर माल आणि मजुरी वेगळी दाखवलेलं बिल त्याच्याकडून मागून घ्या. काम होऊन वर्ष उलटल्यावर ते मिळवणं अवघड जातं.

एक हिशेब करून पाहू

समजा, न्यू जर्सीत स्वतःच्या घरात राहणाऱ्या एका कुटुंबाने २०२५ मध्ये ही कामं केली.

खिडक्यांचं बिल ४,००० डॉलर. त्यात माल २,४०० आणि मजुरी १,६००. मजुरी बाजूला काढली. २,४०० चे ३० टक्के ७२०. पण मर्यादा ६००, म्हणून ६००.

छताखालच्या माळ्यावर इन्सुलेशन २,४०० डॉलर. त्यात माल १,५००. त्याचे ३० टक्के ४५०.

ऊर्जा ऑडिट ४०० डॉलर. ३० टक्के १२०. मर्यादेच्या आत.

या तिघांची बेरीज १,१७० डॉलर. १,२०० च्या आत आहे, म्हणून पूर्ण मिळेल.

हीट पंप, मजुरीसकट, ९,००० डॉलर. वीज कंपनीने १,००० डॉलरची सूट दिली. ती आधी वजा करायची. उरले ८,०००. त्याचे ३० टक्के २,४००. मर्यादा २,०००, म्हणून २,०००.

एकूण क्रेडिट ३,१७० डॉलर.

आता फॉरवर्डमधला हिशेब लावा. एकूण खर्च १५,८०० डॉलर, त्याचे सरसकट ३० टक्के ४,७४०. म्हणजे १,५७० डॉलरचा फरक. ‘३० टक्के परत येतील’ या भरवशावर कर्ज काढून काम केलं असेल, तर ही रक्कम घरच्या बजेटमधून द्यावी लागते.

आणखी एक शक्यता. या कुटुंबाचा इतर क्रेडिट वजा करून वर्षाचा कर २,५०० डॉलरच उरला असेल, तर ३,१७० पैकी २,५०० चाच उपयोग होईल. उरलेले ६७० डॉलर पुढच्या वर्षी वापरता येत नाहीत. ते बुडाले.

सोलरचं मात्र इथे वेगळं आहे. २४,००० डॉलरचे पॅनल स्वतः विकत घेऊन बसवले, तर क्रेडिट ७,२०० डॉलर. त्या वर्षीचा कर ५,००० असेल, तर उरलेले २,२०० डॉलर पुढच्या वर्षीच्या करासाठी ओढून नेता येतात. म्हणूनच २०२४ किंवा २०२५ मध्ये सोलर बसवलेल्यांनी आपल्या जुन्या फॉर्म ५६९५ वर पुढे नेलेली रक्कम आहे का, ते तपासायला हवं. सॉफ्टवेअर किंवा सीए बदलला की हाच आकडा मागे राहून जातो.

पैसे डिसेंबरमध्ये दिले, काम फेब्रुवारीत झालं. चालेल का?

नाही. पैसे कधी दिले याला महत्त्व नाही, काम कधी पूर्ण झालं याला आहे. खिडक्या किंवा हीट पंप ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत बसून वापरासाठी तयार असायला हवे होते. सोलरमध्येही खर्च ‘झाला’ असं धरलं जातं ते उभारणी पूर्ण झाल्यावर. डिसेंबर २०२५ मध्ये पूर्ण रक्कम भरली आणि पॅनल फेब्रुवारी २०२६ मध्ये छतावर चढले, तर क्रेडिट नाही.

घर कोणतं चालतं?

घर अमेरिकेत असायला हवं. पुण्यातल्या फ्लॅटच्या गच्चीवर किंवा गावच्या घरावर सोलर बसवलं, तर त्याचं क्रेडिट अमेरिकेच्या रिटर्नवर मिळत नाही, मग तुम्ही तिथे कितीही कर भरत असा. भारतातल्या घरासाठी पीएम सूर्य घर योजना वेगळी आहे. तिथे ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या यंत्रणेला ७८,००० रुपयांचं अनुदान बँक खात्यात जमा होतं. त्याचा करपात्र उत्पन्नाशी संबंध नसतो.

खिडक्या, दारं आणि इन्सुलेशन यांसाठी घर तुमच्या मालकीचं आणि तुम्ही मुख्यतः राहत असलेलं हवं. शिवाय ते आधीपासून उभं असलेलं घर हवं, नव्या बांधकामाला हे क्रेडिट नाही. सोलर मात्र नव्या घरावरही चालतं आणि दुसऱ्या घरावरही.

गुंतवणूक म्हणून घेऊन पूर्ण भाड्याने दिलेल्या घरावर घरमालकाला हे क्रेडिट मिळत नाही. काँडोमध्ये राहत असाल आणि असोसिएशनने सगळ्यांच्या वतीने काम केलं असेल, तर तुमच्या वाट्याला आलेला खर्च धरता येतो.

व्हिसा कोणता आहे, याचा प्रश्न इथे येत नाही. एच-१बीवर असा की ग्रीन कार्डवर, फेडरल कर भरणाऱ्या व्यक्तीच्या नावावर कर निघतो का आणि घर अटीत बसतं का, एवढंच पाहिलं जातं.

घरातूनच स्वतःचा व्यवसाय चालवत असाल, तर घराचा व्यवसायासाठी वापर २० टक्क्यांपर्यंत असेल तोवर पूर्ण क्रेडिट मिळतं. त्याहून जास्त असेल, तर राहण्याच्या भागापुरतंच.

भाड्याच्या सोलरचं काय?

पॅनल तुमच्या छतावर आहेत, पण मालकी कंपनीची आहे आणि तुम्ही महिन्याला भाडं किंवा विजेचे पैसे देता, तर २५डीचं क्रेडिट तुमचं नाही. हे करार वीस-पंचवीस वर्षांचे असू शकतात आणि विक्रेत्याच्या बोलण्यात ‘टॅक्स क्रेडिट’ हा शब्द येऊ शकतो. रिटर्न भरण्याआधी करारावर मालक कोण लिहिलाय ते पाहा. चुकून क्रेडिट घेतलं, तर ते व्याजासकट परत करायची वेळ येऊ शकते.

फॉर्म भरण्याआधी हातात काय हवं?

- माल आणि मजुरी वेगळी दाखवणारं बिल
- काम पूर्ण झाल्याची तारीख
- वस्तू क्रेडिटला पात्र असल्याचं उत्पादकाचं प्रमाणपत्र
- वीज किंवा गॅस कंपनीकडून सूट मिळाली असेल तर तिचं पत्र
- ऑडिट केलं असेल तर ऑडिटरची सही असलेला लेखी अहवाल

प्रमाणपत्राकडे नीट पाहा. खिडक्यांवर नुसतं ‘एनर्जी स्टार’चं लेबल असणं पुरेसं नाही, त्यांना ‘मोस्ट एफिशिएंट’ ही वरची श्रेणी लागते. हीट पंप आणि एसीसाठी ‘कन्सोर्शियम फॉर एनर्जी एफिशिएन्सी’ या संस्थेच्या ठरावीक श्रेणीत मॉडेल बसावं लागतं. दुकानदार ‘एफिशिएंट आहे’ म्हणाला, म्हणून ते आपोआप पात्र होत नाही.

२०२५ च्या कामांसाठी एक नवी अट आहे. खिडक्या, दारं, हीट पंप, एसी, वॉटर हीटर, फर्नेस अशा वस्तूंच्या उत्पादकाला आयआरएसने दिलेला चार अक्षर-अंकांचा कोड फॉर्मवर लिहावा लागतो. इन्सुलेशनला तो लागत नाही. कोड प्रमाणपत्रावर किंवा उत्पादकाच्या वेबसाइटवर शोधा, नाही मिळाला तर उत्पादकालाच विचारा. रिटर्न भरायला बसण्याआधी हे करून ठेवलेलं बरं.

ही कागदपत्रं रिटर्नला जोडायची नसतात, जवळ ठेवायची असतात. आणि तीन वर्षांनी फेकूनही देऊ नका. घर विकताना नफा काढण्यासाठी सुधारणांचा खर्च घराच्या मूळ किमतीत मिळवला जातो आणि त्यातून घेतलेलं क्रेडिट वजा करावं लागतं. म्हणून घर आहे तोवर ही फाइल ठेवा.

रिटर्नमध्ये कुठे लिहायचं?

१. फॉर्म ५६९५ घ्या, तोही ज्या वर्षी काम झालं त्याच वर्षाचा. सोलर, बॅटरी, जिओथर्मल हे पहिल्या भागात. खिडक्या, दारं, इन्सुलेशन, हीट पंप, ऑडिट हे दुसऱ्या भागात.

२. वीज कंपनीची सूट आधी खर्चातून वजा करा, मग ३० टक्के काढा, मग मर्यादा लावा. हा क्रम बदलला की आकडा चुकतो.

३. फॉर्मसोबतच्या वर्कशीटमध्ये तुमच्या कराची मर्यादा काढा.

४. पहिल्या भागाचा आकडा शेड्यूल ३ च्या ५ए ओळीवर, दुसऱ्या भागाचा ५बी ओळीवर जातो. तिथून बेरीज होऊन फॉर्म १०४० च्या २० व्या ओळीवर येते.

सॉफ्टवेअर हे सगळं आपोआप करतं, पण मजुरी वेगळी काढली का, सूट वजा केली का, काम पूर्ण झाल्याची तारीख कोणती, हे त्याला माहीत नसतं. ते तुम्हालाच सांगावं लागतं. म्हणून शेवटी फॉर्म ५६९५ उघडून एकदा स्वतः वाचा.

२०२५ चं रिटर्न भरायची तारीख १५ एप्रिल २०२६. मुदतवाढ घेतली तर १५ ऑक्टोबर २०२६. मुदतवाढ कागद भरण्याला असते, कर भरण्याला नाही.

मागच्या वर्षी मागायचं राहून गेलं असेल तर?

फॉर्म १०४०-एक्स वापरून जुनं रिटर्न दुरुस्त करता येतं. साधारण नियम असा: मूळ रिटर्न भरल्यापासून तीन वर्षं किंवा कर भरल्यापासून दोन वर्षं, यांपैकी जे नंतर येईल ते. वेळेआधी भरलेलं रिटर्न शेवटच्या तारखेलाच भरलं असं धरतात.

म्हणजे २०२३ चं रिटर्न एप्रिल २०२४ मध्ये वेळेत भरलं असेल, तर एप्रिल २०२७ च्या मध्यापर्यंत मुदत आहे. २०२४ च्या रिटर्नसाठी एप्रिल २०२८ च्या मध्यापर्यंत. दुरुस्त रिटर्नसोबत त्या वर्षाचा फॉर्म ५६९५ जोडायचा. क्रेडिट त्याच वर्षाच्या करातून वजा होतं आणि जास्तीचा भरलेला कर परत मिळतो.

२०२३ मध्ये बदललेला वॉटर हीटर, २०२४ मध्ये बसवलेला हीट पंप. घाईत केलेली कामं असतात. हीटर फुटला, पाणी गळायला लागलं, दुसऱ्या दिवशी माणूस बोलावून नवा बसवला. तेव्हा क्रेडिटचा विचार कुणाच्या डोक्यात येत नाही. बिल ईमेलमध्ये पडून राहतं.

नव्या कामासाठी फेडरल क्रेडिटचं दार बंद झालंय. जुन्या कामाचं बिल शोधायला मात्र अजून वेळ आहे. ईमेलमध्ये कंत्राटदाराचं नाव टाकून शोधा, बसवल्याची तारीख पाहा आणि मॉडेलचं प्रमाणपत्र मिळवा. रक्कम मोठी असेल किंवा घर अंशतः भाड्याने दिलेलं असेल, तर करसल्लागाराला हीच कागदं दाखवा.